मिस्त्रींची मान

मिस्त्रींना मागून हाक मारली तर ते मान वळवत नसत. आधी थांबत, मग एकेक पाऊल सरकवत सगळं अंगच फिरवत, आणि जड कपाट ओढून आणावं तसे तुमच्यासमोर येऊन उभे राहत. तोवर हाक मारणाऱ्याला आपण कशासाठी हाक मारली तेच आठवत नसे. गल्लीतली मंडळी गालातल्या गालात हसायची. मिस्त्रीणबाईंना मात्र हसू यायचं नाही, कारण त्या कपाटाबरोबर संसार त्यांचा चालला होता.

मिस्त्री म्हणजे छताचे मिस्त्री. भिंत उभी करणारे गवंडी पायलीचे पन्नास मिळतील, पण खोलीत शिरल्यावर डोक्यावर जे दिसतं, कडेने फिरणारे कंगोरे, दिव्याभोवतीचं प्लास्टरचं फूल, कोपऱ्यांतल्या वेली, ते साच्यात ओतून वर नेऊन बसवणारा हात या भागात एकच होता. मिसरूड फुटायच्या आधीपासून हा माणूस मान वर करूनच जगला. कुणाच्या घरी गेले की यजमानीण कौतुकाने नवे पडदे दाखवायची, आणि हे तिला पडद्यांच्या वरची भेग दाखवायचे. लग्नाआधी दोघं पहिल्यांदा भेटली तेव्हा मिस्त्री अर्धा वेळ छताकडेच बघत होते. बाईंना वाटलं, बिचारा लाजाळू आहे. लाजाळू कसला! छताला ओल आली होती.

असा हा माणूस साधारण वर्षापूर्वी एका हॉटेलच्या जेवणघरात परांचीवर चढून फुलाच्या पाकळ्या घासत होता. मान मागे टाकलेली, हातात कानस. आणि एकाएकी ते फूल फिरायला लागलं. आधी फूल, मग त्याच्यामागून सगळं छत, मग भिंती. मिस्त्रींनी कानस टाकली आणि परांचीच्या फळीला मिठी मारली. खालची माणसं ओरडत होती, हे वरून ओरडत होते, "इमारत पडतेय, पळा!" इमारत जागच्या जागी होती. चौघांनी मिळून पोतं उतरवावं तसं त्यांना खाली आणलं, आणि त्या नव्या फरशीवर मिस्त्री भडाभडा ओकले.

मग जे सुरू झालं ते काही विचारू नका. कूस बदलली की घर फिरायचं. बुटाची नाडी बांधायला वाकलं की जमीन अंगावर यायची. कुणी म्हणालं रक्तदाब, कुणी म्हणालं मानेचा मणका, आणि शेजारणीने तर थेट मेंदूपर्यंत मजल मारली. मिस्त्रीणबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. शेवटी कुणीतरी कानाच्या डॉक्टरणीकडे पाठवलं. ती वयाने त्यांच्या लेकीएवढी. तिने मिस्त्रींना खाटेवर बसवलं, डोकं उजवीकडे वळवलं आणि काही कळायच्या आत त्यांना मागे आडवं केलं. डोकं खाटेच्या कडेखाली लोंबतंय, डोळे टकाटका नाचतायत, मिस्त्री "मेलो, मेलो" म्हणतायत, आणि ही पोरगी आनंदाने म्हणते, "सापडलं! काका, अगदी छान सापडलं!" बाईंच्या मनात आलं, हिच्या एक मुस्काटात द्यावी.

पण द्यायची वेळच आली नाही. डॉक्टरणीने त्याच आडव्या स्थितीत डोकं थोडा वेळ धरून ठेवलं, मग डावीकडे वळवलं, मग मिस्त्रींना कुशीवर घेऊन नाक जमिनीकडे करायला लावलं आणि हळूच उठवून बसवलं. कानाच्या आत वाळूसारखे बारीक कण असतात, ते आपली जागा सोडून नळीत घरंगळले की माणसाला गरगरतं, आणि डोकं असं ठरावीक रीतीने फिरवलं की ते परत घरी जातात, एवढंच तिचं म्हणणं.

"झालं," ती म्हणाली.

"काय झालं?"

"बरे झालात."

मिस्त्रींना हा अपमान वाटला. आठवडेच्या आठवडे ज्याने घर हलवलं ते दुखणं चहा गार व्हायच्या आत जातं म्हणजे काय? पण गेलं खरं. पुढच्या खेपेला डॉक्टरणीने पुन्हा आडवं करून पाहिलं, डोळे काही नाचले नाहीत. तिने हेही सांगितलं, की काही जणांना हे परत होतं, झालं तर घाबरायचं नाही, आणि काकूंना मी डोकं कसं फिरवायचं ते शिकवून ठेवते. मिस्त्री ताडकन म्हणाले, "शिकवायची काही गरज नाही. परत व्हायला मी देणारच नाही."

इथेच घोडं अडलं. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं म्हणतात, तसलं शेपूट. मिस्त्रींनी त्या दिवसापासून मानेला हलूच दिलं नाही. पलंगावर झोपणं बंद, आरामखुर्चीत ताठ बसून झोप. बुटांची नाडी बाईंनी बांधायची. खाली काही पडलं तर ते पडूनच राहायचं, त्यामुळे घरामागच्या साचे ओतायच्या शेडमध्ये खिळे, कानशी, बटणं यांची नुसती पेरणी झाली होती. केस कापायला जात, पण न्हावी खुर्ची मागे कलवू लागला की असे ओरडत, की दुकानातली गिऱ्हाइकं उठून उभी राहत. रस्ता ओलांडताना बाईंचं कोपर धरायचं ते पलीकडे गेलं तरी सोडायचं नाही. बाई आतल्या खोलीत गेल्या की बाहेरून हाक, "आहेस ना गं?" न्हाणीघरात गेल्या तरी हाक. आणि छत? छताकडे बघणं तर सोडूनच दिलं. साचे ओतून द्यायचे, वर नेऊन बसवायला दुसऱ्यांना पाठवायचं, आणि आपण टेबलाच्या उंचीवर भिंतीसाठी लहानसहान फुलं करत राहायचं. कुणी विचारलं तर सांगायचे, "आता अगदी बरा आहे हो." लोकही म्हणायचे, मिस्त्री बरे झाले. हा बरा झालेला माणूस कसा जगतो ते फक्त एका बाईला माहीत होतं.

पण मिस्त्रीणबाईही काही कमी नव्हत्या. घरी बसून लोकांचे कपडे उसवून, आखडून, सैल करून देण्याचा त्यांचा धंदा. हात सुईसारखा बारीक आणि स्वभाव कात्रीसारखा. नवरा नको म्हणाला म्हणून त्या थांबतात की काय! त्या एकट्याच डॉक्टरणीकडे जाऊन ते फिरवणं शिकून आल्या, आणि सरावासाठी डोकं कुणाचं घ्यायचं, तर धाकट्या बहिणीचं. धाकटी पलंगावर आडवी, डोकं कडेखाली लोंबतंय, आणि ताई तिचं डोकं धरून घड्याळाकडे बघतेय.

"ताई, गुदगुल्या होतात गं!"

"गप्प पड. आता डावीकडे. नाक खाली कर, नाक!"

"अगं मी बरी आहे, मला काही झालेलं नाही."

"तेच तर बघतेय. बऱ्या माणसाला फिरवता आलं तर आजाऱ्याला येईल."

दर आठवड्याला धाकटीचं डोकं असं फिरत होतं. तिने एकदाच कुरकुर केली, की सगळ्या जगाच्या बहिणी एकमेकींच्या वेण्या घालतात आणि माझ्या नशिबी हे.

आणि एका मंगळवारी धाकटीचा नवरा, म्हणजे मिस्त्रींचा साडू, धापा टाकत शेडमध्ये आला. साडू मिस्त्रींचा भागीदारही होता. कामं आणायची त्याने, करायची मिस्त्रींनी. माणूस मुळातच उतावळा, त्यात आज तर वारं प्यायलेलं वासरू.

"मिस्त्री, नाट्यगृह! ते जुनं नाट्यगृह! आतलं छत बघितलंय कधी?"

मिस्त्रींच्या हातातली थापी थांबली. "लहानपणी. नाटक आठवत नाही. छत आठवतं."

"ते पाडतायत."

"काय?"

"पाडतायत! मालकीणबाई म्हणतात, कधी कुणाच्या डोक्यावर पडेल नेम नाही. सगळं खरवडून काढायचं आणि सपाट पत्रे ठोकायचे. मी म्हटलं, थांबा, आमच्या मिस्त्रींना एकदा वर चढून बघू द्या. त्यांनी सांगितलं टिकतं, तर टिकतं. बाई कबूल झाल्या. शुक्रवारी दुपारी त्या येतायत, परांची बांधून तयार आहे. शुक्रवारी नाही जमलं तर शनिवारी हातोडे!"

"मधल्या फुलाच्या पाकळ्या किती थरांच्या आहेत रे?" मिस्त्रींनी विचारलं, आणि बाईंनी दारातून बघितलं तर काय, माणसाचे डोळे लकाकत होते. वर्षभरात पहिल्यांदा.

"मला काय ठाऊक? शुक्रवारी वर जाऊन मोजा की."

ते लकाकणं विझलं. मिस्त्री पुन्हा थापीकडे वळले. "दुसरा कुणी पाठव."

"दुसरा कोण आहे?"

"मी जाणार नाही."

"अहो, पण तुम्ही बरे झालात ना!" साडू ओरडला. "वर्ष झालं! साधी गिरकी आली नाही तुम्हाला!"

"सांधलेलं छताला नाही," मिस्त्री म्हणाले.

 हे वाक्य साडूला आणि बाईंना चांगलंच माहीत होतं. मिस्त्रींच्या वस्तादाचा तो कायदा होता. ओतलेला तुकडा तडकला तर सांधता येतो, घासून असा गुळगुळीत करता येतो की बघणाऱ्याच्या बापाला कळणार नाही. पण असा तुकडा भिंतीला लावायचा, खाली, हाताच्या उंचीवर. छताला कधीही नाही. कारण सांधा आज धरेल, उद्या धरेल, आणि परवा एखादं पोर खाली जेवत असताना सोडेल. या कायद्यापायी मिस्त्रींनी डोळ्यांत पाणी आणून कितीतरी सुंदर तुकडे बाजूला टाकले होते.

"माझं डोकं सांधलेलं आहे," मिस्त्री म्हणाले. "डॉक्टरणीने चांगलं सांधलं, मी नाही म्हणत नाही. पण तीच म्हणाली ना, परत होतं म्हणून? मी वरून खाली आलो तर एकटा येणार नाही, कुणाला तरी घेऊन येईन."

मिस्त्रीणबाईंना तेव्हा कळलं. त्या वर्षभर समजत होत्या, की नवरा भित्रा झाला, दुधाने तोंड पोळलं म्हणून ताक फुंकून पितोय. तसं नव्हतं. त्याने स्वतःला पारखलं होतं, आपल्याच धंद्याच्या नियमाने नापास केलं होतं आणि खालच्या भिंतीला लावून टाकलं होतं. त्यांना एकदम भडभडून आलं, आणि त्याहून जास्त राग आला.

"डोकं आहे ते," त्या कडाडल्या, "प्लास्टर नाही!"

"तुला यातलं काय कळतं?"

"तुमच्या डोक्यातलं? काहीच नाही. कुणालाच कळणार नाही!"

साडू हळूच सटकला. जाताना दारात एवढंच म्हणाला, "वहिनी, शुक्रवार."

दुसऱ्या दिवशी दुपारची जेवणं झाली. मिस्त्री आरामखुर्चीत टेकले, दोन उशा मानेला दोन्ही बाजूंनी ठासून, रोजच्यासारखे. बाई मशीनवर एका पँटची दुमड शिवत होत्या. उकाड्याने मिस्त्रींना जरा जास्तच गाढ लागली, एक उशी सरकली, डोकं खुर्चीच्या पाठीवरून मागे गेलं आणि उजवीकडे कलंडलं. आणि पुढच्याच क्षणाला अशी आरोळी उठली, की बाईंच्या पायाखालचं मशीन आपोआप थांबलं.

"आली! अगं आली! धर मला!"

मिस्त्री खुर्चीच्या दांड्यांना लटकले होते, घाम डबडबलेला, डोळे मिटलेले. बाईंची पाचावर धारण बसली. पण बोटं मात्र फोनवर आपोआप गेली. डॉक्टरीण दवाखान्यातच होती. तिने भराभरा विचारलं, बोलणं नीट आहे का, हातपाय हलतात का, एकाचे दोन दिसतात का, ऐकू नेहमीसारखं येतंय का, डोकं स्थिर धरलं की थांबतं का. बाई एकेक विचारत गेल्या. बोलणं नीट होतं, ते तर शेजारीपाजारीही ऐकत होते. हातपाय ठीक. दिसणं एकच. डोकं धरलं की थांबायचं, उजवीकडे हललं की पुन्हा यायचं.

"पहिल्यासारखंच आहे मग," डॉक्टरीण म्हणाली. "काकू, तुम्ही शिकलाय. फोन स्पीकरवर ठेवा, मी आहे. करा."

"शिकलाय? कोण शिकलाय?" मिस्त्रींनी एक डोळा उघडला.

"पलंगावर चला."

"नाही! आडवा होणार नाही मी!"

वर्षभर हा माणूस पाठ टेकून झोपला नव्हता. बाईंनी त्यांना काखेत हात घालून उठवलं, पलंगावर बसवलं, आणि त्यांच्या समोर उभ्या राहून दोन्ही हातांनी त्यांचा चेहरा धरला. किती दिवसांनी धरला होता! मान हलेल म्हणून ते हात लावू देत नसत.

"अहो, वर्षभर मी तुमचं ऐकलं," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज कापत होता, हात कापत नव्हते. "तुमची नाडी बांधली, कोपर दिलं, न्हाणीतून ओ दिली. आता एकदा माझं ऐका. मी डोकं सोडणार नाही."

मिस्त्रींनी बाईंकडे बघितलं आणि डोळ्यांनीच हो म्हटलं.

डोकं उजवीकडे. मग मागे, एका दमात, डोकं कडेखाली. मिस्त्रींचे डोळे नाचायला लागले, त्यांनी बाईंची मनगटं अशी आवळली की बांगड्यांचे वळ उठले. "धर, धर, धर," एवढंच चाललं होतं. "धरलंय," बाई म्हणत होत्या, आणि फोनमधून डॉक्टरीण म्हणत होती, "छान, थांबा, घाई नको." नाच हळूहळू मंदावला. मग डावीकडे. मग कुशीवर, नाक जमिनीकडे. "भावोजींचं नाक मोठं आहे, लवकर पोचेल," असं धाकटी नेहमी म्हणायची, ते नेमकं आत्ता आठवून बाईंना हसू फुटायला लागलं, आणि त्यांनी ओठ दाताखाली दाबला. मग हळूच उठवून बसवलं. दोघं एकमेकांना टेकून बसून राहिले. दोघांचेही श्वास ऐकू येत होते.

"फिरतंय?" बाईंनी विचारलं.

मिस्त्रींनी एक डोळा उघडला, मग दुसरा.

"अहो, फिरतंय का?"

"नाही."

"जिंकलात काकू!" फोन ओरडला. "उद्या सकाळी दोघं या, मी बघते."

बाईंना वाटलं, आता हा माणूस रडणार. मिस्त्रींचा चेहरा लाल होत होता, ओठ थरथरत होते. पण रडणं वगैरे काही नाही, मिस्त्री उसळले!

"मी खुर्चीत होतो!"

"हो ना, खुर्चीतच होता."

"परांचीवर नव्हतो! वाकलो नव्हतो! वर बघत नव्हतो! दोन उशा लावून, मुडद्यासारखा ताठ बसलो होतो, आणि तरी आली?"

"आली की."

"म्हणजे वाघ म्हटलं तरी खातो आणि वाघोबा म्हटलं तरी खातो! मग वर्षभर मी याला वाघोबा वाघोबा का म्हणत बसलो? ही खुर्ची... ही खुर्ची!" आणि मिस्त्रींनी त्या आरामखुर्चीला अशी लाथ घातली, की ती भिंतीपर्यंत सरकत गेली. उशा उडाल्या. बाई पोटावर हात धरून हसत होत्या, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "आणि ही गिरकी गेली कशी बघ! ज्याच्या भीतीने मी मेलो होतो ते आलं, आणि बायकोने पँटची दुमड शिवायची सोडून तेवढ्यात घालवलं! तू शिकलीस कधी?"

"धाकटीच्या डोक्यावर."

"तरीच ती हल्ली मला बघून हसते!"

सकाळी डॉक्टरणीने मिस्त्रींना धाडकन मागे आडवं केलं, एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. डोळे तळ्यातल्या पाण्यासारखे शांत. मिस्त्रींनी तिथेच, आडव्या आडव्याच विचारलं, "ताई, सांध्याचं काय? तो कितपत धरेल?"

"कसला सांधा?" तिने विचारलं. बाईंनी मग तिला वस्तादाचा कायदा समजावून सांगितला. डॉक्टरीण ऐकत राहिली, आणि तिने खुर्ची ओढून मिस्त्रींच्या अगदी जवळ घेतली.

"काका, तुमचं काही तुटलंच नव्हतं. मी काही सांधलं नाही. कण वाट चुकले, त्यांना घरी पाठवलं. पुन्हा चुकतील, पुन्हा पाठवू. आणि मान अशी ताठ ठेवून काही ते घरात राहत नाहीत. उलट हला, चाला, वाका, वर बघा. हलायचं कसं ते शरीराला विसरू देऊ नका."

"वर चढू का? शुक्रवारी?"

"आज घरीच. उद्या डोकं असंच हलकं असेल तर चढा. कमरेला पट्टा बांधायचा, सोबत माणूस ठेवायचा, आणि जराही गरगरलं तर तिथेच बसायचं, मोठेपणा करायचा नाही."

त्या रात्री मिस्त्री पलंगावर झोपले. बाईंना वर्षभर अख्खा पलंग वापरायची सवय झालेली, आणि हे तर पूर्वीसारखेच वाकडेतिकडे पसरून घोरायला लागले. बाईंना धड झोप मिळाली नाही, आणि त्यांनी त्याबद्दल एक अवाक्षर काढलं नाही.

शुक्रवारी नाट्यगृहात शिरताच मिस्त्रींनी बाईंचा हात घट्ट धरला. बाकीचे दिवे बंद होते, एकच झोत परांचीच्या टोकाशी लावला होता. मालकीणबाई पहिल्या रांगेत, हाताची घडी घालून. "पटकन बघा हो," त्या म्हणाल्या, "माझी माणसं उद्यासाठी थांबलीत." साडूने मिस्त्रींच्या कमरेला पट्टा आवळला. मिस्त्रींनी बाईंचा हात सोडला आणि शिडीला हात घातला.

बाई खुर्च्यांच्या मधल्या वाटेत उभ्या होत्या. एक पायरी, मग दुसरी, मागून साडू, पट्टा अडकवत. मिस्त्री समोरच बघत चढत होते, मान सरळ ठेवून. बाईंना तेवढं कळत होतं, की चढणं हे काहीच नाही, खरं ते पुढे आहे. मिस्त्री वरच्या फळीवर पोचले. छत त्यांच्या डोक्यापासून हातभर वर होतं. ते उभे राहिले, आणि उभेच राहिले.  बाईंना वाटलं, आता खाली येतील. आले तरी चालेल, असं त्या स्वतःला सांगत होत्या, आणि ते खोटं होतं. चालणार नव्हतं. त्यांना हा माणूस परत हवा होता, अख्खा हवा होता.

मिस्त्रींनी मान मागे टाकली.

 मिस्त्री तसेच, तोंड उघडं, वर बघतायत. आणि मग वरून आवाज आला, हलका, चकित झालेला.

"सात थर आहेत रे!"

"काय?" साडू म्हणाला.

"पाकळ्यांचे! सात थर! बाप रे बाप, कुणी केलं हे? साडू, दिवा इकडे घे, इकडे!" आणि मिस्त्री फळीवर चक्क मागे कमानीसारखे वाकले. खाली बाईंनी खुर्चीची पाठ घट्ट धरली, पण वरती मिस्त्री बोटाच्या पेरांनी छत वाजवत होते. टक्, टक्, टक्. "ऐकलंत का? खणखणीत! मालकीणबाई, ऐकताय का? हा आवाज ऐका! आता इथे बघा," टप्, टप्, "हे पोकळ. हे कोपऱ्यातले तुकडे सुटलेत, ते काढून नवे ओतू. बाकी सगळं तुमच्या नातवंडांना पुरून उरेल. हातोडा लावाल तर याद राखा!"

मालकीणबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. हाताची घडी सुटली होती. "तुम्ही कराल का पण?" त्यांनी वर तोंड करून विचारलं. "स्वतः? वर चढून?"

"मग काय खालून करू?"

"मग नाही पाडत," मालकीणबाई म्हणाल्या, आणि त्यांनाही हसू आलं. साडूने वरून अशी आरोळी ठोकली की धुळीचा एक लोट खाली आला. मिस्त्री त्याच्यावर खेकसले, की छताजवळ ओरडू नकोस गाढवा.

मग मालकीणबाई माणसांना थांबवायला बाहेर गेल्या. वर ते दोघं, एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्याकडे फळीवरून सरकत, वाजवत, भांडत, हसत. बाई एका खुर्चीवर बसल्या. बराच वेळ गेला. मिस्त्रींनी एकदाही खाली बघितलं नाही. "आहेस ना गं?" असं एकदाही विचारलं नाही. बायको बरोबर आली आहे हेच त्यांच्या गावी नव्हतं. तेव्हा कुठे, त्या अंधाऱ्या रांगेत, मिस्त्रीणबाई पदर तोंडाला लावून मनसोक्त रडल्या. वर्षभराचं साचलेलं होतं. बघायला कोणी नव्हतं, आणि थांबवायलाही.

रडून झाल्यावर त्या उठल्या. एका गिऱ्हाइकाचा कोट संध्याकाळी द्यायचा होता. त्यांनी वर बघून हाक मारली, "अहो, मी निघते!"

वरून फक्त टक्, टक्, टप्.

त्या दारापाशी पोचल्या तेव्हा वरून आवाज आला, पाकळ्यांमधून, धुळीने बसलेल्या घशाचा, त्यांच्याकडे न बघता दिलेला.

"अगं, उद्यापासून डबा लागेल! लवकर!"

"किती लवकर?" बाईंनी ओरडून विचारलं.

"उजेड झाल्या झाल्या!"

"मिळेल!" बाई म्हणाल्या, आणि भाजी घ्यायला बाजाराच्या बाजूने वळल्या.